आमच्या हॉलमधला आवाज

माझ्या वडिलांना बहिरं आम्ही केलं. हे वाक्य मनात इतक्या वेळा म्हटलंय की आता लिहिताना हात अडखळत नाही. गिरणीने त्यांचे कान अर्धे खाल्ले होते हे खरं. साचाखात्यात, म्हणजे जिथे शेकडो माग एकदम धडधडत असतात तिथे, तीस वर्षं उभं राहिलेल्या माणसाचे कान धड कसे राहणार? पण उरलेले अर्धे त्यांना पुरत होते. ते अर्धे आम्ही बोरिवलीला नेऊन वाया घालवले, आणि तेही हौसेने, वास्तुशांत करून.

त्याआधी आम्ही लालबागला चाळीत राहायचो. खोली दहा बाय बारा, वर लाकडी पोटमाळा. आई-बाबा, दादा, मी आणि मालवणहून आलेलं कोणी ना कोणी. भिंतीला गोधड्यांचा छतापर्यंत ढीग, कोपऱ्यात वळकट्या, दोरीवर कपडे, दाराला जुन्या साडीचा पडदा. पाय ठेवायला जागा नाही म्हणून मी रोज कटकट करायचे. बोलायचं तर समोरासमोर, हाताच्या अंतरावरून, कारण त्याहून लांब जायला जागाच नव्हती. मागांच्या गोंगाटात ओठ बघून बोलणं ओळखायची बाबांना सवय होतीच. त्या खोलीत ते भांडायचे, आईची थट्टा करायचे, शेजाऱ्यांना भुतांच्या गोष्टी सांगायचे. त्यांना कमी ऐकू येतं हे आम्हाला ठाऊक होतं, पण त्यावाचून कधी काही अडलं नाही.

संपात गिरणी बंद पडली ती पडलीच. दादा बँकेत लागला होता, मी अंधेरीच्या एका रेकॉर्डिंग स्टुडिओत टायपिस्ट होते. दोन-अडीच वर्षांनी खोली विकून, दादाच्या नावावर कर्ज काढून आम्ही बोरिवली पूर्वेला फ्लॅट घेतला. दादाचं लग्नाचं वय झालं होतं आणि चाळीतल्या खोलीत मुलगी द्यायला कोणी तयार नव्हतं. आईने ठरवून टाकलं की नव्या घरात जुनी चिंधीसुद्धा न्यायची नाही. मीही तिची री ओढली. तिच्यापेक्षा चार पावलं पुढेच होते म्हणा ना.

मग बोहारीण आली. जुन्या कपड्यांवर स्टीलची भांडी देणारी बाई ती, डोक्यावर एवढी मोठी पाटी. आई आणि ती दुपारभर चाळीच्या गॅलरीत घासाघीस करत बसल्या. साड्या गेल्या, पडदे गेले, बाबांचे जुने कोट गेले. गोधड्या बघून तिने नाक मुरडलं. मीच म्हटलं, घे गं बाई, फुकट घे, पण उचल. शेवटी सगळ्या गोधड्यांवर तिने एक पळी दिली. बाबा दारात उभे होते. आईच्या आईने शिवलेली एक गोधडी त्यांनी हातात घेतली आणि ठेवायची का म्हणून माझ्याकडे बघितलं. मी मान हलवून नको म्हटलं.

नवा हॉल आम्हाला मैदानासारखा वाटला. खाली मोझॅक, भिंतींना चकचकीत ऑइल पेंट, दोन मोठ्या काचेच्या खिडक्या, आणि स्वयंपाकघराला दार नाही, नुसती कमान. सामान मुद्दाम कमी ठेवलं होतं. एक लोखंडी पलंग, चार खुर्च्या, काचेचं शोकेस, आत स्टीलची मांडणी. दादाने पहिल्या दिवशी मधोमध उभं राहून टाळी वाजवली. ती छान घुमली. आम्ही सगळे हसलो, घर मोठं असल्याची पावतीच मिळाली जणू.

बाबा मिटत कधी गेले ते आम्हाला कळलं नाही. पहिल्यांदा हाक मारली की दुसरीकडेच बघायला लागले. मग एकेक गोष्ट तीन-तीनदा सांगावी लागायला लागली. आई स्वयंपाकघरातून ओरडायची, मी बाथरूममधून, दादा गॅलरीतून. जितकं मोठ्याने ओरडावं तितका त्यांचा चेहरा गोंधळायचा. कानीकपाळी ओरडूनही ऐकत नाहीत म्हणून आई वैतागायची. कानाचं मशीन आणलं, शर्टाच्या खिशात डबी आणि कानापर्यंत वायर. त्यात भांडी, पंखा, टीव्ही, आम्ही, सगळंच एकदम मोठं झालं. चार दिवसांनी त्यांनी ते ड्रॉवरमध्ये टाकलं ते टाकलंच. ते दुपारी वाचनालयात पेपर वाचत बसायचे आणि संध्याकाळी हॉलच्या कोपऱ्यातल्या खुर्चीत. गोष्टी संपल्या, भांडणं संपली. लोकांना आम्ही सांगायचो, संपाचा धक्का बसला हो, डोक्यावर परिणाम झालाय.

आणि आम्हाला एक वाईट सवय लागली. त्यांच्यासमोर त्यांच्याबद्दल बोलायची. ते खुर्चीत बसलेले, आणि आई तीन फुटांवरून म्हणायची, भिंतीशी संसार चाललाय माझा. दादा म्हणायचा, यांचं काहीतरी करायला पाहिजे. मीही बोलायचे. आवाज खाली करायची गरजच वाटत नव्हती. ते आमच्या तोंडाकडे बघून हसायचे.

वर्ष-सव्वा वर्षाने दादासाठी घाटकोपरचं एक स्थळ आलं. माणसं चांगली होती. मुलीच्या मामाने बाबांना आपुलकीने काहीबाही विचारलं. बाबा हसले. पुन्हा विचारलं, पुन्हा हसले. तिसऱ्यांदा मामा मोठ्याने बोलला तेव्हा बाबा घाबरल्यासारखे उठले आणि पाहुण्यांकडे पाठ करून गॅलरीत जाऊन उभे राहिले. आठ दिवसांनी नकार आला. घरात वेडेपणा आहे असं ते कोणाकडे तरी म्हणाल्याचं आमच्या कानावर आलं. दादा दोन दिवस जेवला नाही.

तिसऱ्या दिवशी तिघांनी बसून ठरवलं, बाबांना गावी काकांकडे ठेवायचं. काका म्हणजे त्यांचा धाकटा भाऊ, तो नाही म्हणणार नव्हता. बाबांना आधी सांगायचं नाही, आदल्या दिवशी सांगायचं की काकाने बोलावलंय. मी विरोध केला असता तर बेत कदाचित मोडला असता. मी नाही केला. मलाही त्या घरात श्वास घेता येत नव्हता, खोटं कशाला बोलू. जेवणाच्या सुट्टीत स्टँडवर जाऊन एसटीचं रविवारचं एक तिकीट मीच काढलं. खिडकीची सीट मागून घेतली, तेवढाच काय तो मनाला दिलासा.

जायच्या आधी डॉक्टरला दाखवून औषध लिहून घ्यावं म्हणून मंगळवारी मी बाबांना अंधेरीला घेऊन आले. दवाखान्याला वेळ होता. दोन पत्रं टाइप करायची राहिली होती, म्हणून त्यांना स्टुडिओत नेलं आणि रेकॉर्डिंगच्या खोलीत खुर्ची देऊन बसवलं. आमचे रेकॉर्डिस्ट, निवृत्तीला आलेला शांत माणूस, तिथे वायरी गुंडाळत होते. वडिलांना ऐकू येत नाही, काही विचारू नका, असं त्यांना सांगून मी टायपिंगला गेले.

अर्ध्या तासाने परत आले तर दोघे गप्पा मारत होते. रेकॉर्डिस्ट खाली वाकून वायर जोडत होते, बाबांकडे त्यांची पाठ होती, आवाजही आमच्यासारखा चढलेला नव्हता. आणि बाबा त्यांना मागावरचा धोटा कसा उडतो आणि एखाद्याचा डोळा कसा फोडतो ते सांगत होते. सव्वा वर्षात त्यांच्या तोंडून इतकी वाक्यं मी ऐकली नव्हती. मी दारातूनच, हळू आवाजात म्हटलं, "बाबा, निघायचं?"

त्यांनी वळूनही बघितलं नाही. "थांब गो जरा," म्हणाले, "ह्येंका सांगतंय मा."

मी आणखी हळू विचारलं, पाणी हवं का. नको म्हणाले. मग माझ्याकडे वळून लहान मुलासारख्या कुतूहलाने म्हणाले, "हयसर आवाज सुको येता गो. घराकडे सगळो भिजान येता."

रेकॉर्डिस्ट हसले. आमच्या धंद्यातही असाच शब्द आहे म्हणाले, घुमत नाही त्या आवाजाला कोरडाच म्हणतात. मग मला पॅसेजमध्ये नेऊन त्यांनी टाळी वाजवली. तिथे फरशी आणि गुळगुळीत भिंती, टाळी वाजून गेल्यावरही मागे रेंगाळत राहिली. परत आत आणून टाळी वाजवली. भिंतींवर कापडामागे काचेचा कापूस, खाली जाड गालिचा. टाळी झाली आणि तिथेच संपली. तुमचा हॉल केवढा, खाली काय, भिंतीला काय, हे त्यांनी विचारलं. मी सांगत गेले तशी त्यांची मान हलत गेली. खोली जेवढी मोठी आणि पृष्ठभाग जेवढे टणक, तेवढा शब्द जास्त वेळ जिवंत राहतो, म्हणाले. पहिला शब्द विरायच्या आत दुसरा त्याच्या अंगावर येऊन पडतो. आपले कान चांगले असतात, ते गुंता सोडवून घेतात. अधू कानाला नुसता गलका ऐकू येतो. मी म्हटलं, पण आम्ही तर केवढ्याने ओरडतो! ते म्हणाले, ओरडल्याने गुंताही तेवढाच मोठा होतो, बाई. लहान खोली, कपडेलत्ते, अंथरुणं, हे सगळं आवाज पिऊन टाकतं. तुमची जुनी खोली कशी होती?

मी बाथरूममध्ये जाऊन तोंडावर पदर दाबून रडले. डॉक्टरकडे त्या दिवशी गेलोच नाही.

घरी सांगितलं तर कोणी ऐकून घेईना. आई म्हणाली, "आवाज काय कापडाक चिकटता? खुळी की काय तू?" दादा म्हणाला, स्टुडिओत टाइप करता करता तू इंजिनियर झालीस वाटतं. बँकेतल्या साहेबाच्या ओळखीने आणखी एक स्थळ येणार होतं, त्याचं डोकं तिकडेच. पालथ्या घड्यावर पाणी. मी ठरवलं, आता तोंडाची वाफ दवडायची नाही, करूनच दाखवायचं. बाबा एकदा घडाघडा बोलायला लागले की कोणाची टाप आहे त्यांना गावी धाडायची.

स्टुडिओतल्या एका खोलीचं जुनं कापड आणि नमदा, म्हणजे लोकर दाबून केलेला जाड थर, बदलून माळ्यावर टाकला होता. तो मागून घेतला. शुक्रवारी अर्धी रजा टाकली, हमाल करून सगळं घरी आणलं. बाबा वाचनालयात, आई आणि दादा पाहुण्यांच्या तयारीसाठी बाजारात. शेजारच्या सुताराला बोलावून दोन भिंतींवर पट्ट्या ठोकल्या, त्यावर नमदा आणि कापड ताणलं. खिडक्यांना जाड चादरी लावल्या. खाली काथ्याची चटई, तिच्यावर दोन सतरंज्या. कमानीत चादर सोडली. घर गोडाऊनसारखं दिसायला लागलं, ते कबूल आहे. ऑइल पेंटला खिळ्यांची भोकं पडली. मी मधोमध उभी राहिले आणि टाळी वाजवली. ती हातातच राहिली.

बाबा सहाच्या सुमारास आले. दारात थबकले, कापडावरून हात फिरवला. आपल्या खुर्चीत बसले. मी मुद्दाम स्वयंपाकघरात गेले, चादरीच्या आड, ते मला बघू शकणार नाहीत अशी. रोजच्या आवाजात म्हटलं, बाबा, चहा ठेवलाय.

"साखर कमी घाल," ते म्हणाले.

त्या क्षणाइतकी खूश मी आयुष्यात फार कमी वेळा झाले आहे. हातातली साखरेची बरणी तशीच धरून मी उभी होते. आई आणि दादा आले की आधी काही सांगायचं नाही, बाबांनाच बोलू द्यायचं, असं मी ठरवत होते. बाबांच्या हातात चहाचा कप दिला, तेवढ्यात ते दोघे आलेच.

दादाने दारातच पिशव्या आपटल्या. हे काय करून ठेवलंयस, म्हणाला. आईने भिंतीवरचे खिळे बघून कपाळावर हात मारला. पुढच्या आठवड्यात माणसं येणार, आणि आपण गोणपाटात राहतो असं दाखवायचंय का त्यांना? दादा ओरडत होता, कापड ओढायला निघाला होता. माझा स्वभाव पहिल्यापासून तिखट. माझ्यावर कोणी आवाज चढवला की मला पुढचंमागचं दिसत नाही. दिवसभर घाम गाळून केलेलं काम हा उपटतोय म्हटल्यावर माझं डोकं फिरलं. त्याचा हात धरला आणि तोंडात आलं ते बोलून गेले.

"राहू दे ना दोन दिवस! रविवारी बाबा गावी गेले की काढून टाकते सगळं. तिकीट मीच काढलंय ना?"

आमचं भांडण त्या हॉलमध्ये नेहमी घुमायचं. त्या दिवशी माझं वाक्य तोंडातून निघालं आणि सरळ जाऊन पोचलं. एक शब्द इकडचा तिकडे नाही. आईला माहीत नव्हतं, दादाला माहीत नव्हतं. त्या घरात एकट्या मलाच ठाऊक होतं की बाबांना ऐकू येतंय.

बाबांनी कप खाली ठेवला. "किती वाजताची गाडी आसा?" त्यांनी विचारलं.

आईच्या हातातली पिशवी गळून पडली. दादाने कापडाला घातलेला हात मागे घेतला. मी बाबा, बाबा एवढंच म्हणत होते. त्यांनी तोच प्रश्न पुन्हा विचारला, रागाने नाही, एखादी गोष्ट नीट समजून घ्यावी तसा. "तू काढलंस ना तिकीट? मगे तुका म्हायत असतला."

"सकाळी नऊची," मी म्हटलं.

मग जे व्हायचं ते झालं. आई रडली, दादाने पाय धरले, मी शपथा घेतल्या. तिकीट फाडते म्हटलं तर त्यांनी ते माझ्याकडून मागून घेतलं आणि शर्टाच्या खिशात ठेवलं. शनिवारभर ते आमच्याशी बोलत होते. आई कुठूनही हाक मारायची, ते ओ द्यायचे. दादाला त्यांनी सांगितलं, मुलगी बघताना तिच्या आईशी दोन शब्द बोल, नुसता टेबलावरच्या पोह्यांकडे बघू नकोस. दादा हसला आणि हसता हसता रडायला लागला. सव्वा वर्षाचं बोलणं त्यांनी एका दिवसात बोलून घेतलं. राहा म्हणून आम्ही किती विनवलं! प्रत्येक शब्द त्यांना ऐकू येत होता. ते नाही म्हणत होते, एवढंच. रविवारी सकाळी मी स्टँडवर सोडायला गेले. मला तसं म्हणायचं नव्हतं, असं मी खिडकीखाली उभी राहून सांगत होते. ते म्हणाले, उन्हात उभी राहू नको, घरी जा.

पुढची चार वर्षं ते गावीच राहिले, शेवटपर्यंत. मी दर मे महिन्यात जायचे. काकांचं घर मातीचं, शेणाने सारवलेली जमीन, वर लाकडी माळा, घरभर भाताची पोती. तिथे त्यांना मुंगीची चाहूल लागायची. गावातली पोरं त्यांच्याभोवती जमायची, भुतांच्या गोष्टी पुन्हा सुरू झाल्या होत्या. माझ्याशी ते सगळ्यावर बोलायचे, स्टुडिओवर, दादाच्या बायकोवर, आईच्या गुडघ्यांवर. त्या एका शुक्रवारवर नाही. मीही विषय काढला नाही. दर वर्षी या खेपेला माफी मागायचीच असं ठरवून जायचे, आणि दर वर्षी परत यायचे.

तिसऱ्या वर्षी गेले तेव्हा बाबा आतल्या खोलीत पडले होते. मी ओटीवर टेकले. शेजारची म्हातारी मला बघायला आली, माझ्या तोंडावरून हात फिरवला. मग सगळ्यांना ऐकू जाईल अशी म्हणाली, "तुजो बापूस सांगता, माका गावची ओढ लागली तशी माज्या चेडवान आपणहून तिकीट काढून दिल्यान. खिडकीची सीट सुदीक. पुण्यवान गो तू."

बाबा काय सांगत फिरतायत हे मला तेव्हा कळलं. तीन वर्षं, सगळ्या गावाला. काकी माझ्याकडे बघत होती, म्हातारी उत्तराची वाट बघत होती.

मी हो म्हटलं. आतल्या खोलीत बाबा जागे होते.